गादी बहिणीच्या मुलाला

नोंदणी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

"दादा, तुझ्या कादंबरीतल्या जमातीला राजा मिळाला का?"

"मिळाला की! तीन राजघराणी रचलीत. पण गादी राजाच्या मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला."

"असं का?"

"अगं, त्यांच्यात वंश बहिणीकडून चालतो. बहिणीला डावललं की राज्य बुडालंच."

"कागदावर मन फार मोठं आहे तुझं."

"लेखकाचं असावंच लागतं."

"आणि बहिणीनेच स्वतःहून हक्क सोडला तर?"

"कुठली बहीण स्वतःहून सोडेल? वाचकाला पटायला नको?"

खिडकीतून कारकून ओरडला, "वडिलांच्या घराचं हक्कसोडपत्र कोणाचं?"

"चल, आपलंच. आणि साहेबांनी विचारलं तर 'स्वतःहून सोडतेय' म्हणायचं. विसरू नकोस."