शेल्याला हळद लागेना

(जाम गावातलं लग्नघर, भर दुपार. मांडवात बायांची गाणी चालू आहेत. मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं.)

प्रमिलाबाई: हळू बोल, ज्योत्स्ने. आन कडी नीट लागली का पाह्य. शेजारच्या यशोदाबाईचा एक कान गान्यात असते आन एक आपल्या घरात.

ज्योत्स्ना: लागली कडी. पण झालं काय आई? तिकडे पियुष पाटावर पिवळाधम्मक होऊन बसला आहे, सगळे फोटो काढून राह्यले, आन तू मला हाताला धरून ओढत आणलं.

प्रमिलाबाई: पियुषले लागली वं हळद. पोट्टा पिवळा झाला, पाट पिवळा झाला, तुया बाबाचा नवा सदरा पिवळा झाला. शेल्याले नाई लागली.

ज्योत्स्ना: कोणत्या शेल्याला?

प्रमिलाबाई: नवरीच्या! समीक्षासाठी म्या शिवला तो. उष्ट्या हळदीसंगं पंज्याचा शेला जाते ना आपल्या घरून, नवरीच्या डोक्यावर टाकाले? पाच सवाष्नींनं हळदीत हात बुडवून पाच पंजे उमटवले. साऱ्या गावानं पाह्यले. म्या वाळाले टाकाव म्हनून उचलला, तं सारी हळद घसरून खाली! एक पंजा नाई राह्यला. कोरा करकरीत!

ज्योत्स्ना: असं कसं होईल? आण इकडे.

प्रमिलाबाई: घे, पाह्य. उद्या लग्न, आन आज हळद पाठ फिरवून चालली गेली.

ज्योत्स्ना: आई.

प्रमिलाबाई: काय?

ज्योत्स्ना: हा कपडा कुठून घेतला तू?

प्रमिलाबाई: तुयाच कपाटातून. पातळ कागदात गुंडाळून किती जपून ठेवलतं. मले वाटलं, पोरीनं भावाच्या लग्नासाठी नागपूरहून आनला, सांगाले विसरली असन.

ज्योत्स्ना: त्यावर चिठ्ठी होती ना! हात लावू नका म्हणून!

प्रमिलाबाई: ते इंग्रजीत होतं. मले वाटलं दुकानाचं नाव हाये.

ज्योत्स्ना: अगं, ते माझं सॅम्पल आहे! सोमवारी मला तेच दाखवायचं आहे परीक्षकांना! तीन वर्षं मी काय करून राह्यली लॅबमध्ये? हेच!

प्रमिलाबाई: तीन वर्सात एवढासा कपडा?

ज्योत्स्ना: कपडा नाई, त्याच्यावरचा लेप! आधीचे सगळे फेल गेले. हा एक जमला असं वाटत होतं, म्हणून हॉस्टेलवरसुद्धा ठेवला नाई. मागचा चांगला तुकडा माझ्या रूममेटनं, वर्षालीनं, स्कूटी पुसायला घेतलता. आन इथं आणला, तर तू त्याचा शेला शिवला!

प्रमिलाबाई: सारा नाई वं शिवला. थोडा उरला हाये.

ज्योत्स्ना: कुठं आहे?

प्रमिलाबाई: पापडाच्या डब्याच्या तोंडाले बांधला. एक मुंगी नाई चढली बाई तवापासून.

ज्योत्स्ना: पापडाच्या... थांब, थांब. आई, हळदीत तेल होतं का?

प्रमिलाबाई: तेलाबिगर हळद असते का? तिळाचं होतं. दूध बी होतं.

ज्योत्स्ना: आन तरी नाई लागली?

प्रमिलाबाई: तेच तं सांगून राह्यली!

ज्योत्स्ना: लागलीच नाई? बिलकुल? पाणी नाई, तेल नाई, हळदसुद्धा नाई! आई, जमलं! लॅबमध्ये आम्ही हळदीचं नावच काढत नव्हतो, इतकी भीती वाटायची तिची. आई, जमलं मला!

प्रमिलाबाई: नाचू नको. भावाच्या हळदीनं तोंड फिरवलं आन बहीन फुगडी खेळून राह्यली. लोकं काय म्हनतीन?

ज्योत्स्ना: मग तू काय केलं? पुन्हा लावून पाहिली?

प्रमिलाबाई: काय नाई केलं ते इचार. तूप चोळलं. लिंबू पिळलं. चुना कालवून हळद लाल केली, ते बी घसरली. मंग वरून गरम इस्त्री फिरवली.

ज्योत्स्ना: इस्त्री फुल गरम होती का? थांब, मोबाईलवर लिहून घेते. तूप, लिंबू, चुना... आमच्या सरांना एवढं कधी सुचलं नसतं.

प्रमिलाबाई: मले फासावर लटकवाची पाळी आली आन हे लिहून घेऊन राह्यली! असं लावलं काय हाये तुनं त्याले? मेन?

ज्योत्स्ना: मेण नाई. धानाच्या कोंड्याची राख असते ना, तिच्यातून काढलेले कण आहेत. इतके बारीक, की एका केसाच्या रुंदीत हजार बसतील. धाग्यावर त्यांची दाटी असते, वरून एक थर. कशालाच टेकायला जागा मिळत नाई.

प्रमिलाबाई: मले सुईत दोरा ओवाले चष्मा लागते. तुले हे कन दिसले कसे?

ज्योत्स्ना: मशीन आहे त्याला.

प्रमिलाबाई: आन हे सारं कोनासाठी?

ज्योत्स्ना: दवाखान्यातल्या नर्सांसाठी. बाळंतपणात रक्त उडते, उलट्या होतात अंगावर, तेच कपडे घालून दिवसभर फिरावं लागते. सफाईवाल्या बायांचे हाल तर विचारूच नको. कपड्यानं घाण धरलीच नाई, तर आजार कमी, धुवायला पाणी कमी.

प्रमिलाबाई: हे चांगलं हाये. खरंच चांगलं हाये, बाई. पन नर्सेच्या कपड्याले माया घरात हळदीच्या दिवशीच निंगाचं होतं का?

पुंडलिकराव: अवं, दार उघडा! आत काय करून राह्यल्या दोघी?

प्रमिलाबाई: तुमीच हा ना? संगं कोनी नाई?

पुंडलिकराव: मीच हावो, दुसरा कोन? गोपाल गाडी काढून हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यला. हिंगणीहून फोन आलता. नवरीले पाटावर बसवून ठेवलं म्हन्ते, उष्टी हळद आली का लावतो. आना तो शेला.

प्रमिलाबाई: या आत. लावून घ्या दार. हा घ्या शेला.

पुंडलिकराव: पंजे कोठं हायेत?

ज्योत्स्ना: बाबा, हे माझं संशोधन आहे. डाग न लागणारा कपडा.

पुंडलिकराव: ऑं? दाव बरं. पोत बढिया हाये. ओला बी नाई, चिकट बी नाई. वा! पन पोरी, माया कपड्याचं दुकान हाये ना चौकात. डागच नाई लागला तं लोकं दिवाळीले नवा कपडा घेतीन कायले? म्या तुले शिकवलं, आन तू मायंच शटर पाडाले निंगाली!

प्रमिलाबाई: तुमाले दुकानाचं सुचून राह्यलं! शेल्याचं काय करू ते सांगा.

पुंडलिकराव: त्यात काय एवढं? दुसरा कपडा देतो फाडून. थानच्या थान पडले हायेत दुकानात.

प्रमिलाबाई: आन यशोदाबाईनं इचारलं, पयल्याचं काय झालं, तं? पाचातला एक पंजा तिचा हाये. संध्याकाळच्या आत समुद्रपूरपर्यंत बातमी जाईन, पुंडलिकरावच्या घरची हळद धरली नाई म्हनून. त्या समीक्षाच्या आजीच्या कानावर गेली तं ते म्हातारी लग्न लागू देईन का?

पुंडलिकराव: मंग कोराच पाठव.

प्रमिलाबाई: कोरा नाई पाठवत मी! तुमाले नाई समजत. तुमची माय मले कवा गोड बोलली का? तुमीच सांगा.

पुंडलिकराव: ते... जरा तिखट होती.

प्रमिलाबाई: जरा! भाजीत मीठ जास्त झालं तं शेजारच्या घरी जाऊन सांगे. पन मी पेटी उघडतो ना, तं माया शेल्यावर त्याइचा पंजा दिसते. मधातला. सासूबाई जाऊन किती वर्सं झाले, हात अजून तेथंच हाये. तो पाह्यला का मले राग येत नाई, रडू येते. तसा माया हात समीक्षाजवळ राह्यला पायजे. मी बी तिले काय रोज गोड बोलनार हावो का?

ज्योत्स्ना: आई, रडू नको.

प्रमिलाबाई: तुया कपड्याले तं तेवढा बी डाग चालत नाई.

ज्योत्स्ना: दे तो शेला. काहीतरी... आई, हा काठ पिवळा काऊन आहे?

प्रमिलाबाई: कोठं?

ज्योत्स्ना: हा. चारी बाजूंनी. बारीक रेघ आहे पाहा.

पुंडलिकराव: व्हय वं. टाका टाका पिवळा झाला. हा आपल्या दुकानातलाच दोरा हाये, कच्चा सुती.

ज्योत्स्ना: दोऱ्यानं धरली हळद. आन नुसत्या दोऱ्यानं नाई, भोकाभोवती कपड्यानं बी धरली. सुई गेली तिथं लेप तुटला. अरे बाप रे.

पुंडलिकराव: आता काय झालं?

ज्योत्स्ना: बाबा, मी हा कपडा धुतला, उकळला, घासला, उन्हात टाकला. शिवला कधीच नाई.

पुंडलिकराव: शिवल्याबिगर नर्स घालीन कशी? गुंडाळून?

ज्योत्स्ना: आमच्याकडे चौकोनी तुकडे असतात फक्त. कोणालाच सुचलं नाई. म्हणजे रक्त बी असंच आत जाईल. शिलाईतून.

प्रमिलाबाई: मंग जमलं नाई का तुयं? आता तं नाचत होती.

ज्योत्स्ना: ते नंतर पाहू. आई, सुई कुठं आहे? तो दोराही दे. शेला पसर, त्यावर हात ठेव. उजवा.

प्रमिलाबाई: कायले?

ज्योत्स्ना: हाताभोवती टाके घालते. मग हळद दाबायची. जिथं टाका, तिथं रंग धरणारच.

प्रमिलाबाई: पंजे पाच पायजेत.

ज्योत्स्ना: एकाचाच टाइम आहे. तुझ्या पेटीतला कोणता पंजा पाहतेस तू?

प्रमिलाबाई: ...मधातला.

ज्योत्स्ना: मग ठेव मधात हात. बाबा, तोपर्यंत गोपालला चहा पाजा.

पुंडलिकराव: दोन कप झाले त्याचे. आन यशोदाबाई दाराशी घिरट्या घालून राह्यली, तिले काय सांगू?

प्रमिलाबाई: सांगा, शेल्याची नजर काढून राह्यलो म्हनाव. तिचीच नजर लागली असन. आई गं! बोट हाये ते मायं!

ज्योत्स्ना: हलू नको ना मग. पुढचं बोट.

प्रमिलाबाई: शाळेत शिवन शिकवलं होतं ना तुले? हे टाके हायेत का बैलाचे पाय?

ज्योत्स्ना: आई, मी इतके बारीक कण लावले याला, टाके मोठे घातले तर चालतील. झालं. आण हळद. दाब. आता पूस.

प्रमिलाबाई: पुसू का? घसरन...

ज्योत्स्ना: पूस तू.

प्रमिलाबाई: ओ माय! राह्यला! पाह्य, राह्यला वं! पन अंगठा वाकडा आला.

ज्योत्स्ना: तुझा आहेच वाकडा.

पुंडलिकराव: आना लवकर! वा, हे मस्त केलं! चाललो मी, गोपालच्या हातात देऊन येतो.

प्रमिलाबाई: नीट घडी घाला! पंजा वरून दिसला पायजे! ...गेले. बस, बाई. घाम पूस. तू सोमवारचं सांगत होती ना?

ज्योत्स्ना: सोमवारी दाखवायचं. जमलं तर यंदा माझं संपलं, डिग्री हातात. नाई जमलं तर पुन्हा लेप बदलायचा, पुन्हा सगळ्या चाचण्या. एक वर्ष तरी.

प्रमिलाबाई: अजून एक वर्स? मावशी रोज इचारते, झालं का पोरीचं.

पुंडलिकराव: गेली गाडी! आन ऐक, यशोदाबाईनं शेला पाह्यला.

प्रमिलाबाई: अवो! काय म्हन्ली?

पुंडलिकराव: म्हन्ते, बाकीचे चार पंजे कोठं गेले? म्या म्हनलं, आता असंच असते, सासूचा एकच, कशिद्याचा. तं म्हन्ते, कोठून करून आनला, माया नातवाच्या लग्नाले बी पायजे. म्या सांगून देल्लं, आपल्याच दुकानात मिळन.

ज्योत्स्ना: बाबा!

पुंडलिकराव: शटर उघडं ठेवा लागते, बापा. तू काऊन तोंड पाडून बसली?

प्रमिलाबाई: तिचं एक वर्स लांबते म्हन्ते. शिलाईतून डाग लागते म्हनून.

पुंडलिकराव: त्या साहेबांले माहीत हाये का शिलाईचं?

ज्योत्स्ना: नाई. आतापर्यंत कोणी विचारलं नाई.

पुंडलिकराव: मंग सांगूच नको. चौकोनी तुकडा दे, पास हो, घरी ये. आमी बी थानाची डागी बाजू आतूनच ठेवतो. गिऱ्हाईक पाह्यते थोडंच?

ज्योत्स्ना: गिऱ्हाईक घरी गेल्यावर पाहते ना बाबा.

पुंडलिकराव: पाह्यते. मंग येऊन भांडते, ते गोष्ट अलग. चला, मी मांडवात जातो, जेवनं वाढाची वेळ झाली.

प्रमिलाबाई: ज्योत्स्ने, पापडाचा डबा येथंच फळीवर हाये, सोडला म्या त्यावरचा तुकडा. हा घे. धुवाची गरजच नाई पडली.

ज्योत्स्ना: बरा आहे. एक डाग नाई. असाच दिला तर सोमवारी टाळ्या वाजवतील.

प्रमिलाबाई: मंग दे असाच. मावशीले बी सांगता येईन, झालं म्हनून.

ज्योत्स्ना: आन एखाद्या नर्सबाईला भरवशानं घालायला दिला, अन् शिलाईतून आत गेलं तर?

प्रमिलाबाई: ...मले काय समजते त्यातलं.

ज्योत्स्ना: सुई आहे का जवळ अजून?

प्रमिलाबाई: हाये ना. दोरा बी ओवलेलाच हाये.

ज्योत्स्ना: मग याचा पण काठ शिवून दे. सोमवारी शिवलेलाच नेते.

प्रमिलाबाई: वर्स जाईन ना तुयं.

ज्योत्स्ना: जाईल.

प्रमिलाबाई: बारीक टाके घालू का? भोकं कमी दिसतीन.

ज्योत्स्ना: नको. तुझे नेहमीचेच घाल.