पाठीवरचा वळ

अगं, परवा आम्हा अंगणवाडीताईंचं बालसुरक्षेचं प्रशिक्षण होतं. मॅडमनी विचारलं, "मुलाच्या पाठीवर वळ दिसला तर काय कराल?"

मी म्हणाले, "मुलाचं शांतपणे ऐकायचं आणि लगेच कळवायचं."

"बरोबर. कुठे शिकलात?"

"आमच्या थळ गावच्या बालवाडीत," मी म्हणाले आणि त्यांना सगळं सांगितलं. तिथे हिराबाई खिचडी शिजवायच्या. मी चार वर्षांची असताना त्यांनी माझ्या पाठीवरचा वळ पाहिला, मांडीवर घेऊन सगळं ऐकलं आणि तडक बाबांच्या मासेमारीच्या होडीवर जाऊन त्यांना म्हणाल्या, "पोरीनं मना सगलं सांगितलंय. पुना हात उगारलास तं गावकीत उभा करीन."

बाबांनी पुन्हा कधी हात उगारला नाही.

 मॅडम म्हणाल्या, "आता मात्र लेखी कळवावं लागतं."

"हो," मी म्हणाले. "हिराबाईंना सहीसुद्धा येत नव्हती."