गुळावर मोडलेला सुरा

साल एकावन्न की बावन्न, खात्रीनं सांगवत नाही. जुनी कानस तापवून मी परसात स्वतः सुरा घडवला होता. बायकोनं त्यानं गुळाची ढेप फोडायला घेतली आणि पहिल्याच घावाला पातं मोडलं.

“तू घाव तिरका घातलास,” मी म्हणालो.

शेजारच्या बाबू लोहारानं तुकडा पाहिला. “वैनींचा दोष न्हाय, मास्तर. उन्हात तापवलंसा न्हवं? उन्हात लाली कळत न्हाय, लई तापलं. मोडल्याली कड बघा, साखरंगत दाणं पडल्यात. पोलाद ठिसूळ झालंया.”

“तो गूळ चिकटलाय!”

“मग चाटून बघा की.”

मी चाटलं नाही. धीर झाला नाही.

त्यानंतर हिनं गूळ बत्त्यानंच फोडला. निवृत्तीच्या वर्षी जपून ठेवलेला तो तुकडा मी धुतला आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दाणे पोलादाचेच होते.