बोर्डीच्या वाटेवर मडकं

…आणि वर लोक विद्याधरलाच हसतात! अहो, तुम्ही सांगा, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? तेहतिशी आलेली, केस मागे सरकत चाललेले, तीन ठिकाणचे नकार पचवलेले, आणि अंधेरीच्या एका लग्नात बोर्डीची वनमाला दिसली तेव्हापासून माणसाची झोपच उडाली. ही नाही म्हणाली तर आपण संपलो, असं मुलुंडच्या खोलीत भिंतीला सांगत बसायचा. आणि तिचा बाप कोण? धोंडूमास्तर. गावोगाव दारूबंदीची भाषणं देणारे. नुसता वास आला म्हणून सख्ख्या भावाला अंगणातून परत पाठवलेला माणूस!

तर मार्गशीर्षातली पहाट, मित्राची, म्हणजे मधुकरची, खडखडणारी मोटार, मागे सुगंधामावशी, आणि नवा गरम कोट घालून कुडकुडणारा विद्याधर. मुलगी बघायला निघाले. भिवंडी गेली, धुक्यात कापलेली भातशेतं गेली, म्हटलं आता सरळ बोर्डी. कुठलं सरळ? मावशीचा कायदा असा, की वाटेत नातेवाइकाचं गाव लागलं तर उंबरा चढल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर ते जन्मभर बोलतात. आणि त्या किनाऱ्याला मावशीचे नातेवाईक किती? सुरूची झाडं मोजा…

पालघरला मावशीच्या नणंदेनं ताज्या, अजून न आंबलेल्या नीरेचं मडकंच पुढे केलं. विद्याधरनं घोटभरही घेतली नाही. तर नणंदबाई म्हणतात, "अगं बाई, मग मास्तरांना न्या की! त्यांना फार आवडते." आता नाही म्हणायचं म्हणजे कसं? मडकं आलं विद्याधरच्या मांडीवर.

तारापूरला पोहे. चिंचणीला पुन्हा पोहे, वर मावशीच्या चुलतभावाचं मूळव्याधीचं ऑपरेशन, सविस्तर. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकतायत, ऊन चढतंय, आणि मोटारीत मडकं हळूच बोलायला लागलंय… फुस्स… फुस्स… विद्याधर म्हणतो, "मावशी, हे फसफसतंय गं." मावशी म्हणते, "घट्ट धर." यानं घट्ट धरलं. पुढच्याच खड्ड्यात मडक्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं उडालं आणि फेस थेट कोटावर, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत!

आणि डहाणूच्या नाक्यावर दारूबंदीची तपासणी. धाकू हवालदारानं मान आत घातली, नाक ओढलं. "काय हो, ताडी?"

"नीरा आहे, साहेब."

"पहाटे होती."

विद्याधरला रडूच फुटलं. खरंच रडला हो, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले तर डोळेही झोंबले. मावशीनं सगळं सांगितलं, मुलगी, मास्तर, नणंदेचं मडकं. हवालदारानं मडकं गटारात ओतलं आणि तो विरघळला. "मास्तरांकडे या वासानं जाताय? थांबा, मीच येतो, साक्ष देतो." आणि दार उघडून शेजारी बसला. आता नाही म्हणायचं म्हणजे कसं?

विचार करा. बोर्डीत अंगणभर माणसं, आणि मोटारीतून नवरामुलगा उतरतो पोलिसाबरोबर, ताडीत भिजलेला! धोंडूमास्तर पायरीवर ताठ. हवालदार साक्ष देतोय, मावशी शपथा घेतेय, मास्तर हलत नाहीत. विद्याधरला वाटलं, इथून समुद्र जवळ आहे, सरळ चालत जावं. तेवढ्यात दारातून वनमालाच म्हणाली, "बाबा, कोटाचं काय बघता, तोंडाचा वास घ्या."

मास्तर पुढे आले. "फुंक मारा."

मारली हो. सगळ्या गावासमोर, तिच्यासमोर, डोळे मिटून मारली. मास्तरांनी हुंगलं, विचार केला, पुन्हा हुंगलं. "चिंचणीचे पोहे," म्हणाले. "मुलगा निर्व्यसनी आहे."

झालं लग्न. झकास संसार चाललाय, तक्रार नाही. फक्त अजूनही रोज संध्याकाळी हा कचेरीतून दमून येतो, तर वनमाला दार अर्धंच उघडते आणि म्हणते, "हं, फुंक मारा."

आता बायकोला नाही म्हणायचं म्हणजे कसं?