मान माही, सही नवऱ्याची

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पल्याड, नाव सांगत नाई तुमाले, काऊन का माही माय अजून तिथंच राहते अन् तिनं मले शपथ घातली हाय का बाई ही गोठ कोनाजवळ काढू नको. तरी सांगून राहिली. तुमी ब्लाऊज शिवाले आल्या अन् इचारलं का तू मशीनवर एवढी ताठ कशी बसतं, बाकीच्या शिवनाऱ्या तं पोक काढून बसतात. मंग ऐका आता. घाई असन तं उद्या या, पन अर्धी गोठ ऐकून जाऊ नका, अर्धी गोठ ऐकनारे मले लय भेटले.

काळ्या मातीचं वावर होतं बापाचं, कपाशी अन् मधात तुरीचे तास, म्हंजे ओळी, आमी दोघी बहिनी, मी मोठी. बारावं लागलं अन् माही छाती वाढाले लागली, ते थांबेच ना. बाकीच्या पोट्टींचं पन होत होतं, पन त्यांचं आपलं रीतीनं, माहं म्हंजे पावसाळ्यात भोपळ्याचा येल जातो तसं. माय पाहे अन् तोंड फिरवे. एक दिवस म्हने वाकून चाल. बस, तेवढंच म्हने, वाकून चाल. शाळेत जाताना वाकून चाल, पान्याले जाताना वाकून चाल, पाहुने आले तं वाकून चाल. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिनं मले बांधलं, असं आवळून का श्वास अर्धाच जाये. काय सांगू तुमाले, मले वाटे हे माहंच काई पाप हाय. आता राग येते. बारा वर्षाच्या लेकराचं काय पाप राहते हो.

पट्टीचे बंद खांद्यात रुतत, तं मायनं घरच्या कापसाच्या गाद्या केल्या, इतक्या इतक्याशा, बंदाखाली ठेवाले. कापूस घरचा, कमी नाई. पन एका गादीत सरकी राहून गेली, तिच्यानं मले जखम झाली, पू झाला, अन् मी आठ दिवस सांगितलं नाई, काऊन का सांगाचं म्हंजे दाखवा लागन. हे पाहा, इथं खांद्यावर अजून खळगा हाय. बोट ठेवा. नका ठेवू तं नका ठेवू.

मंग ते साल आले ना, कपाशीच्या बोंडात अळी, एका साली पानी नाई, एका साली पानीच पानी, आजूबाजूच्या गावात मानसं जीव देऊन राहिले होते. पेपरवाले येत, गाड्यावाले येत, माहितीचे कागद भरत, किती एकर, किती जनावरं, बोअर हाय का. सगळं इचारत. ज्या बाया दिवसभर वाकून निंदन करतात त्यांची मान दुखते का, हे कोन्या कागदावर नव्हतं. दहावीनंतर माही शाळा बंद झाली अन् मी दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाले जाऊ लागली. कमरेले ओटी बांधाची, येचलेला कापूस त्याच्यात टाकाचा, ओटी भरत जाते तशी समोरून वढते, अन् मले तं पह्यलेच समोरून वढलेलं. दुपारपर्यंत मान आखडून जाये. बाकीच्या दोन ओळी पुढं, मी मागं. तं आमची मुकादमीन सगळ्यांसमोर म्हने, अवं ते दोन गाठोडे घरी ठेवून येत जाय ना, येचनी होईन तुही. सगळ्या बाया हासल्या. मी बी हासली. तेच मले आजवर खुपते, का मी बी हासली.

म्हनून मी शिलाई शिकली. तालुक्याले क्लास होता. वाटलं बसून काम हाय, वाकाचं नाई, पन मशीनवर काय कमी वाका लागते. तरी हात चांगला होता माहा, कटोरी ब्लाऊज तं मी असं बसवो का क्लासवाल्या मॅडम बी पाहत राहत. एक गोठ मले तिथं समजली. माप घेताना कोनतीच बाई खरी उभी राहत नाई. बारीक असते ते छाती फुगवते, भरलेली असते ते खांदे आत घेते, अन् मंग ब्लाऊज बिघडते अन् नाव शिवनारीचं. मी तेव्हापासून सगळ्याइले आधी म्हनो, सरळ उभ्या राहा, श्वास सोडा, मंग टेप लावो. दुसऱ्याइले म्हनो. मी आपली वाकूनच.

लग्नाचं तं इचारूच नका. त्या सालात वावरवाल्याले पोरगी द्याले कोनी तयार नव्हतं, बाप म्हने नोकरीवालाच पाहाचा. अकोल्याचं स्थळ आलं, पोरगा दालमिलमधी मशीनवर. पाह्याले आले तेव्हा सासूबाईनं मले चाल म्हतलं, चालून दाखवलं. बस म्हतलं, बसली. मंग माह्या मायजवळ सरकून म्हने, पोरगी अंगानं भरलेली हाय, लेकराइले दूध कमी नाई पडनार. माह्या समोर म्हने. बैलबाजारात गायीची कास पाह्यतात ना, तसं पाह्यलं मले. अन् माही माय, जिनं मले पाच-सहा वर्ष पट्टीत आवळून ठेवलं, ते खुश झाली. ज्याले लपवत होती त्याच्याच्यानं पोरगी खपली, मंग काय.

आमचे हे मानूस वाईट नाई, गजानन नाव. दारू नाई, मारझोड नाई. पन कोनत्या बी गोठीत आई म्हनन तसं. अकोल्याचा उन्हाळा तुमाले माहीतच हाय, छातीखाली घामानं कातडी सोलून निघे, पावडर लावली तं चिखल होये. ते बी सहन केलं. मंग दुसऱ्या वर्षी बोटाले झिनझिन्या सुरू झाल्या. सुई हातातून पडे अन् मले समजेच ना का पडली. दोन ब्लाऊज कापताना बिघडवले मी, गिऱ्हाइकाचे. तवा मी भेली. हात गेले तं मले काय राह्यलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीनबाई तरनी होती, चांगली होती, सगळं तपासलं, गाठबिठ काई नाई निंगाली. म्हने हे ओझं हाय, मान अन् खांदे याच्याच्यानं गेले तुहे, ऑपरेशन करून कमी करता येते. ताई, मले तोवर माहीतच नव्हतं का असं होते. मी तं रडली तिथंच. मंग म्हने लेकरं किती. म्हतलं नाई अजून. तं तिचा चेहरा बदलला. म्हने मंग आधी लेकरं होऊ दे, ऑपरेशननंतर दूध येईनच असं सांगता येत नाई, कोनाले येते, कोनाले कमी येते, कोनाले येतच नाई. अन् बाळंतपनात आकार बी बदलते, म्हने. मी म्हतलं तोवर हाताचं काय. तिनं कागद पुढं वढला. मंग म्हने नवऱ्याले घेऊन ये, त्यांची सही लागन. मी इचारलं दुखते कोनाले. म्हने तुले. मंग सही त्याची काऊन. म्हने आमच्याकडे तसंच करतात.

घरी सांगितलं तं सासू ताटावरून उठली. म्हने देवानं देल्लं अन् हे कापाले निंगाली, माह्या नातवाच्या तोंडचं काढून फेकते काय. नातू कुठं हाय. पोटात बी नाई. जो नाई आला त्याची भूक सगळ्याइले दिसे, अन् मी समोर बसली असून माही मान कोनाले दिसेना. आमचे हे म्हनत, आई म्हनते ते बी खरं हाय, थांबू ना दोन-चार वर्ष. मी म्हतलं दोन-चार वर्ष तुमी गळ्यात पायली पायलीच्या दोन थैल्या बांधून दालमिलमधी जा, मंग थांबू. तं हे चप्पल घालून बाहेर निंगाले. मायले फोन लावला, ते म्हने बाई, अजून थोडं वाकून राहाय.

खोटं नाई सांगत, मले बी भेव होतं. दुपारी मशीनवर बसून इचार येये, लेकरू झालं अन् तोंड लावलं अन् काईच आलं नाई तं. तवा मले कोन माफ करन. त्या भेवानं मी सहा महिने दवाखान्याचं नाव नाई काढलं. अन् झिनझिन्या आता कोपरापर्यंत.

मंग शकीलाचाचीची गोठ झाली. आमच्या घराले लागून घर त्यांचं, बांगड्यांचं दुकान, सासूची अन् तिची जुनी उठबस. चाची लय आजारी पडली, आता काई नाई राह्यलं असं सगळे म्हनत. एक दिवस सकाळी तिचा मोठा पोरगा आला, म्हने अम्मी गजूभाईको बुला रही है, तुम सब आओ. आमी गेलो. त्याइच्यात एक रीत हाय, जाता जाता माय आपल्या लेकराले दूध बख्शते, म्हंजे पाजलेल्या दुधाचं देनं माफ करते, लेकरू मोकळं होते. चाचीनं आपल्या तिन्ही लेकराइले जवळ घेऊन म्हतलं, मैंने दूध बख्शा. मले वाटलं आमाले भेटाले बोलावलं. तं तिनं आमच्या ह्यांचा हात धरला अन् म्हने, गजू, तेरेकू भी दूध बख्शी बेटा, मेरे रशीदके साथ तू भी पिया, हिसाब मत रखना.

हे पाह्यतच राह्यले. पस्तीस वर्षाचा मानूस, त्याले माहीतच नाई. मी सासूकडं पाह्यलं. ते भिंतीले टेकून खाली बसली.

घरी आल्यावर बोलली. म्हने मले दूधच नाई आलं, एक थेंब नाई. सव्वा महिना नाई झाला तं गावाबाहेरच्या वावरात कापूस येचाले जा लागलं, लेकरू रडे, मी रडो. माही सासू म्हने कोरडी हाय हे, दुसरी आनू. शकीलानं कोनाले न सांगता पाजलं, दिवसातून चार खेपा. मले दूध नाई हे चार बायाइले समजलंच होतं, आयुष्यभर कोरडी म्हनून ऐकलं मी, म्हने. म्हनून तुले पाहून घेतली, का तुले ऐका नाई लागन.

तुमाले वाटन मले दया आली. आली, थोडी आली. पन राग जास्त आला. म्हतलं आई, जे तुमाले ऐका लागलं तेच तुमी मले ऐकवून राहिल्या. अन् ज्या पोराले तुमी पाजलं नाई ते बिनदुधाचं मेलं काय. समोर बसलं हाय, शंभर किलोचं पोतं उचलते. 

तिसऱ्या दिवशी चाची गेली. चौथ्या दिवशी हे म्हने चाल, सही करतो. सगळे म्हनतात किती चांगला नवरा. हाव, चांगला. पन माह्या हातातून सुई पडे तवा सही नाई झाली. माही कातडी सोलून निघे तवा नाई झाली. त्याच्या दुधाची गोठ निंगाली तवा झाली. हा राग माहा जाचा नाई, ताई, मी त्याले बी सांगितलं हाय.

डॉक्टरीनबाईनं पुन्हा समजावलं, दूध गेलं तं जाईन, नंतर रडाचं नाई. म्हतलं रडीन, तरी करा. ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्या त्या दिवशी मी उठून उभी राहिली तं मागं पडाले लागली, इतकी सवय पुढं वढनाऱ्याची. टाक्याच्या खुना हायेत, राहतीन. झिनझिन्या हळूहळू गेल्या. माय पाह्याले आली, मले पाह्यलं अन् म्हने बाई, तुही उंची वाढली का. उंची नाई वाढली माय, म्हतलं, वाकनं सोडलं.

आता सातवा महिना लागला मले, तुमाले दिसूनच राहिलं हाय. दूध येईन का नाई, डॉक्टरीनबाईले माहीत नाई, मले नाई, कोनालेच नाई. भेव अजून हाय. सासूबाईनं गेल्या महिन्यात एक बकरी आनून बांधली अंगनात, नुकती व्यालेली. काऊन आनली ते बोलल्या नाई, मी इचारलं नाई. पह्यल्या दिवशी असा राग आला मले, वाटलं सोडून द्यावी. आता रोज पाला मीच टाकते तिले. अन् सासू रोज सकाळी धार काढून पाह्यते, आज किती निंगालं, अन् मले सांगत नाई, पन भांडं माह्यासमोर ठेवते.

पोरगी झाली तं बरं होईन. तिले जे वाढन ते वाढन, मी पट्टी नाई बांधनार. तुमी घरी जाऊन हे लिहान तं लिहा, गावाचं नाव तेवढं टाकू नका. बरं, उशीर झाला तुमाले, अस्तर कोनतं लावू ते सांगा अन् या इकडे उजेडात. हात थोडे वर घ्या. खांदे आत घेऊन राहिल्या तुमी बी. सरळ उभ्या राहा, ताई. श्वास सोडा.