नाक्याच्या शाळेतला आड

आमच्या कांबळेबाईंची गंमत सांगतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्यात दुष्काळ. जळकोटजवळच्या आमच्या गावात निजामाच्या काळातल्या जुन्या जकात नाक्याच्या दगडी इमारतीत शाळा भरायची. बाई मुख्याध्यापिका, मी नवा मास्तर. एक दिवस नव्या जिल्ह्याचे इंजिनिअर आले, भिंतींवर काठी आपटून बघितली आणि म्हणाले, "इमारत धोकादायक हाय. पाडावी लागेल."

मी घाबरलोच. शाळा भरवायची कुठं? बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "साहेब, उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

साहेब दोन तांबे प्यायले. "लई गोड हाय हो. टँकरचं का?"

"टँकर येतोय कुठं? मागं जुना आड हाय. सगळं गाव त्याच्यावर जगून राहिलंय. भिंत पाडली की दगड त्यातच जाणार."

साहेब मागं जाऊन आडात वाकून बघून आले. कागदावरचं 'धोकादायक' खोडून त्यांनी 'दुरुस्ती करावी' लिहिलं. मला तर नाचावंसं वाटलं.

जीपमध्ये बसताना साहेब हळूच म्हणाले, "बाई, दोन घागरी भरून देता का? लातूरला आमच्या क्वार्टरात चार दिवसांपासून नळ न्हाई आला."

बाई म्हणाल्या, "देते की. घागरी परत द्यायला याल, तवा सिमेंट घेऊनच या."