चंद्राकर साहेबांचं आडनाव

शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या नवीन राज्याच्या एका सरकारी ऑफिससाठी मी अर्ज नोंदवायचा प्रोग्राम लिहिला होता, तेव्हाची गोष्ट सांगतो. तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांनी, चंद्राकर साहेबांनी पसंत केला, तरच तो अर्ज घ्यायच्या खिडकीवर लागणार होता.

मी म्हटलं, "साहेब, आपलंच नाव टाकून पाहा."

साहेब मान खाली घालून, एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप करून राहिले. पहिलं नाव झालं, त्यांनी स्पेस दाबली, अन् प्रोग्राम गायब!

"क्या हुआ?"

"काही नाही साहेब, पुन्हा टाका."

पुन्हा स्पेस, पुन्हा गायब. सोबत आलेला प्रशांत कानाशी कुजबुजला, "काहून बंद होऊन राहिलं बे?"

साहेब भडकले. "भैया, आपके प्रोग्राम को मेरा सरनेम नहीं चलता क्या?"

तिसऱ्यांदा मी त्यांचं बोट सोडून स्क्रीनकडे पाहिलं. नावाच्या रकान्यात एकही अक्षर उमटत नव्हतं. कर्सर तिथं नव्हताच! प्रोग्राम उघडला की 'बंद करा' हेच बटण निवडलेलं असायचं. अक्षरांनी त्याला काही होत नव्हतं, पण स्पेस मारली की ते दाबलं जायचं.

तिथंच बसून मी कर्सर आधी नावावर येईल असं केलं. आता साहेबांचं नाव आलं, स्पेस आली, आडनावही आलं. साहेबांनी मान वर केली. स्क्रीनवर 'चंद्राकर'ऐवजी 'चंद्रकार' लिहिलेलं होतं.

"हव, अब ठीक है," साहेब म्हणाले. "बस, इसकी स्पेलिंग थोडी कमजोर है."